४,२९,४९,६७,२९७ : एकशे सोळा भागाकारांच्या अंतरावरची चूक

चार अब्ज एकोणतीस कोटी एकोणपन्नास लाख सदुसष्ट हजार दोनशे सत्त्याण्णव ही संख्या मी पहिल्यांदा संगणकाकडून काढवून घेतली, तेव्हा त्याने उत्तर दिले १. प्रोग्राम अगदी साधा होता. एकाला २ ने बत्तीस वेळा गुणायचे आणि शेवटी त्यात १ मिळवायचा, एवढेच त्याचे काम होते. चूक माझीच होती, कारण उत्तर साठवण्यासाठी मी ३२ बिटांचे चल घेतले होते. अशा चलात ० पासून ४,२९,४९,६७,२९५ पर्यंतच्याच संख्या मावतात. त्यापुढे एक पाऊल टाकले की गाडीच्या किलोमीटर मोजणाऱ्या आकड्यांप्रमाणे सगळे पुन्हा शून्यावर येते, आणि आणखी एक पाऊल टाकले की १ दिसतो. म्हणजे त्या चलाच्या टोकापलीकडे दुसऱ्याच पावलावर ही संख्या उभी होती. चल मोठे करून प्रश्न मिटला, पण एवढ्या निमित्ताने मी या संख्येकडे पाहू लागलो आणि पुढचे कित्येक दिवस कागद-पेन्सिल घेऊन तिच्याशी झटत राहिलो. त्या दिवसांत जे हाती लागले ते येथे मांडत आहे. यातले बहुतेक गणित जुने आणि प्रसिद्ध आहे. मी ते फक्त हाताने पुन्हा करून पाहिले.

पुढे घात दाखवण्यासाठी ^ ही खूण वापरली आहे. आपली संख्या म्हणजे २^३२ + १. द्विमान पद्धतीत ती लिहिली तर दोन टोकांना एकेक १ आणि मध्ये एकतीस शून्ये, असे तिचे रूप दिसते. इतक्या साध्या रूपाची संख्या काही दडवून ठेवील असा संशय कोणाला येणार नाही, आणि सतराव्या शतकातील फ्रेंच गणितज्ञ पिएर द फर्मालाही तो आला नाही.

फर्माने १६४० साली एका विशिष्ट साच्यातील संख्यांचा विचार केला. २ चा असा घात घ्यायचा की ज्याचा घातांक स्वतःच २ चा घात असेल, म्हणजे १, २, ४, ८, १६, ३२ असा, आणि त्यात १ मिळवायचा. अशाने ३, ५, १७, २५७ आणि ६५,५३७ या संख्या मिळतात, आणि या पाचही मूळ संख्या आहेत. घातांक २ चा घातच का असावा, याला कारण आहे. घातांकाला १ खेरीज एखादा विषम विभाजक असेल तर २^म + १ चे अवयव सहज पडतात. उदाहरणार्थ २^६ + १ म्हणजे ६५, आणि त्याला २^२ + १ म्हणजे ५ ने भाग जातो. तेव्हा मूळ असण्याची आशा धरावी तर याच साच्यात. फर्माने एक पाऊल पुढे जाऊन या साच्यातील सगळ्याच संख्या मूळ असतात असा विश्वास व्यक्त केला. सिद्धता हाती नाही, हे त्याने मान्य केले होते. तरी पुढील अनेक वर्षे पत्रांतून तो हे मत मांडत राहिला. मालिकेतील सहावी संख्या आपली २^३२ + १ आहे, आणि ती मूळ नाही.

१७२९ च्या डिसेंबरमध्ये क्रिस्टियान गोल्डबाखने लिओनार्ड ऑयलरला पाठवलेल्या पत्रात फर्माच्या या विधानाविषयी विचारणा केली. ऑयलरने १७३२ साली उत्तर दिले: ४,२९,४९,६७,२९७ = ६४१ × ६७,००,४१७.

या उत्तरात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती ६४१ ही संख्या, कारण ती फार लहान आहे. २, ३, ५, ७ असे क्रमाने मोजत गेल्यास ६४१ ही ११६ वी मूळ संख्या येते. कसलाही सिद्धांत न वापरता, केवळ चिकाटीने एकेका मूळ संख्येने भागत गेलेल्या माणसाला एकशे सोळाव्या भागाकारात बाकी शून्य मिळाली असती. दहा अंकी संख्येला तीन अंकी संख्येने भागणे कंटाळवाणे असले तरी अवघड नाही. दोन-तीन दिवसांत सगळे आटोपते. शिवाय फर्माला इतके भागाकार करण्याचीही गरज नव्हती, कारण याच जातीच्या संख्यांचे विभाजक कोणत्या रूपाचे असू शकतात हे ओळखण्याची युक्ती त्याच्याजवळ होती आणि ती त्याने इतरत्र वापरलेलीही आहे.

ती युक्ती अशी. समजा, प ही मूळ संख्या २^३२ + १ ला भागते. मग प ने भागल्यावर २^३२ ची बाकी −१ येते (म्हणजे पूर्ण भाग जायला १ कमी पडतो), आणि वर्ग केला की २^६४ ची बाकी १ येते. २ चे घात एकामागून एक घेत गेल्यास बाकी १ प्रथम ६४ व्या घातालाच येते, त्याआधी नाही. कारण ती आधी आली असती तर तो घातांक ६४ चा विभाजक, म्हणजे ३२ किंवा त्याहून लहान असता, आणि मग २^३२ ची बाकी −१ न येता १ आली असती. आता फर्माच्याच लघुसिद्धांतानुसार २^(प−१) ची बाकीही १ येते. म्हणून प − १ ला ६४ ने पूर्ण भाग गेलाच पाहिजे. थोडक्यात, विभाजक ६४क + १ या रूपाचाच असतो. या रूपातील मूळ संख्या क्रमाने १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१ अशा येतात, म्हणजे एकशे सोळाव्या भागाकाराऐवजी पाचव्यातच काम होते.

एकोणिसाव्या शतकात एदुआर ल्युकाने ही चाळणी आणखी बारीक केली आणि विभाजक १२८क + १ या रूपाचाच असावा लागतो हे दाखवले. आता यादीत राहतात १२९, २५७, ३८५, ५१३, ६४१. यांपैकी १२९, ३८५ आणि ५१३ उघडच संयुक्त आहेत. २५७ ही मूळ आहे, पण ती याच मालिकेतील आधीची संख्या असल्याने तिला वगळता येते. त्याचे कारण पुढे येईल. तेव्हा करून पाहण्यासारखा पहिलाच भागाकार ६४१ चा, आणि पहिल्याच भागाकारात संख्या फुटते. फर्मासारख्या माणसाच्या हातून हे कसे निसटले असेल, याविषयी पुष्कळ तर्क झालेले आहेत. मला वाटते, सलग पाच उदाहरणे खरी ठरल्यावर सहाव्याकडे संशयाने पाहण्याची इच्छाच उरत नाही.

दुसरा अवयव ६७,००,४१७ हा मूळ आहे की नाही, हेही मी याच चाळणीने पाहिले. त्याचे वर्गमूळ २,५८८ च्या आसपास आहे, आणि तिथपर्यंत १२८क + १ या रूपाच्या मूळ संख्या पाचच आहेत: २५७, ६४१, ७६९, १,१५३ आणि १,४०९. त्यांनी भागल्यावर अनुक्रमे १७०, ४४, १२०, ३३४ आणि ६२२ अशा बाक्या उरतात. एकही शून्य नाही, म्हणून ६७,००,४१७ मूळ आहे आणि अवयव पाडण्याचे काम येथे संपते. सात अंकी संख्येची मूळता पाच भागाकारांत ठरते, याचा मला त्या दिवशी फार आनंद झाला होता.

पण भागाकार करून मिळालेले उत्तर म्हणजे कारण नव्हे. ६४१ नेच का भाग जातो? याचे उत्तर ६४१ दोन प्रकारे लिहिता येते यात दडलेले आहे. एका बाजूने ६४१ म्हणजे ५ × २^७ + १, म्हणजेच ६४० + १. दुसऱ्या बाजूने ६४१ म्हणजे ५^४ + २^४, म्हणजेच ६२५ + १६. आता ६४०^४ या संख्येकडे पाहा. ती १,६७,७७,२१,६०,००० आहे. तिच्यातून १ वजा केला तर उरलेल्या संख्येला ६४० + १ ने भाग जातो, कारण क्ष^४ − १ चा एक अवयव क्ष + १ असतोच. तीच ६४०^४ दुसऱ्या तऱ्हेने लिहिली तर ५^४ × २^२८ होते. तिच्यात २^३२ मिळवले की २^२८ × (५^४ + २^४), म्हणजे २^२८ × ६४१ मिळते, आणि त्याला तर ६४१ ने भाग जातोच. ६४१ च्या पटीतील या दोन संख्या अशा आहेत: १,७२,०६,७१,२७,२९६ आणि १,६७,७७,२१,५९,९९९. त्यांची वजाबाकी करा, उत्तर ४,२९,४९,६७,२९७ येईल. मला या संख्येविषयीचे सगळ्यांत सुंदर गणित हेच वाटते. त्यात कुठेही मोठा भागाकार नाही, आणि अवयव आपोआप बाहेर पडतो.

दोन वर्गांच्या बेरजेच्या वाटेने गेले तर हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते. आपली संख्या ६५,५३६^२ + १^२ अशी लिहिता येते, हे तिच्या व्याख्येतच आहे. ४ ने भागल्यावर १ बाकी उरणारी मूळ संख्या दोन वर्गांच्या बेरजेच्या रूपात एकाच प्रकारे लिहिता येते, हा सिद्धांत फर्माने सांगितला आणि ऑयलरने सिद्ध केला. म्हणजे दुसरा एखादा प्रकार सापडला तर संख्या संयुक्त ठरते. असा दुसरा प्रकार आहे: ६२,२६४^२ + २०,४४९^२. पडताळा घ्यायचा तर पहिला वर्ग ३,८७,६८,०५,६९६ आणि दुसरा ४१,८१,६१,६०१. बेरीज बरोबर आपली संख्या येते.

हे वर्ग कुठून आले? ६४१ = २५^२ + ४^२ आणि ६७,००,४१७ = २,५५६^२ + ४०९^२. दोन वर्गांच्या बेरजांचा गुणाकार पुन्हा दोन वर्गांची बेरीज असतो, आणि तीही दोन प्रकारे मांडता येते, हे सांगणाऱ्या नित्यसमानतेला ब्रह्मगुप्ताचे नाव जोडलेले आहे. ती येथे वापरली तर २५ × २,५५६ = ६३,९०० आणि ४ × ४०९ = १,६३६ या दोन गुणाकारांची बेरीज ६५,५३६ येते आणि वजाबाकी ६२,२६४. उरलेले दोन गुणाकार २५ × ४०९ = १०,२२५ आणि ४ × २,५५६ = १०,२२४. त्यांची बेरीज २०,४४९, आणि वजाबाकी १. म्हणजे २^३२ + १ मधला तो शेवटचा निरागस १ म्हणजे दोन पाच अंकी गुणाकारांमधला फरक आहे. ते दोन गुणाकार एकमेकांना इतके खेटून बसले नसते तर ही संख्या २ च्या घातापासून एका अंतरावर राहिलीच नसती.

जाता जाता आणखी एक गंमत सांगतो. २०,४४९ हा १४३ चा वर्ग आहे. लागोपाठच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे त्यांच्या वर्गांमधला फरक, त्यामुळे १४३, १०,२२४ आणि १०,२२५ या तीन संख्या काटकोन त्रिकोणाच्या बाजू होतात. याचा पुढे काही उपयोग नाही, पण कागदावर तो त्रिकोण दिसला तेव्हा मी काही वेळ पेन्सिल खाली ठेवली होती.

बाकीचे नेहमीचे गुणधर्म उरकून घेतो. संख्येला चारच विभाजक आहेत: १, ६४१, ६७,००,४१७ आणि ती स्वतः. स्वतःखेरीज उरलेल्यांची बेरीज ६७,०१,०५९ होते, म्हणजे संख्येहून कमी, म्हणून ती न्यून संख्या आहे. तिच्याहून लहान आणि तिच्याशी सहमूळ असलेल्या, म्हणजे १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या, संख्या ६४० × ६७,००,४१६, म्हणजे ४,२८,८२,६६,२४० आहेत. एकक स्थानी ७ आहे, आणि या मालिकेत १७ पासून पुढच्या प्रत्येक संख्येच्या एकक स्थानी ७ च असतो, कारण १६ चा कोणताही घात ६ मध्येच संपतो.

मघाशी २५७ ला वगळले, त्याचे कारण असे. ३ × ५ = १५, १५ × १७ = २५५, २५५ × २५७ = ६५,५३५, आणि ६५,५३५ × ६५,५३७ = ४,२९,४९,६७,२९५. मालिकेतील आधीच्या पाचही संख्यांचा गुणाकार आपल्या संख्येहून बरोबर २ ने कमी आहे. म्हणून त्यांपैकी एखादीने आपल्या संख्येला भाग गेला असता तर तिने २ लाही भाग जायला हवा होता, आणि त्या सगळ्या विषम आहेत. गोल्डबाखने १७३० साली याच युक्तिवादाने दाखवले की मालिकेतील कोणत्याही दोन संख्यांना १ खेरीज सामाईक विभाजक नसतो. मालिका अनंत असल्याने त्यातून मूळ संख्याही अनंत आहेत हे आपोआप निघते.

हा पाच संख्यांचा गुणाकार भूमितीतही येतो. गाउसने १७९६ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, १७ बाजूंचा सुसम बहुभुज केवळ पट्टी आणि कंपास वापरून काढता येतो हे दाखवले. पुढे त्याच्या आणि १८३७ मधील वांतझेलच्या कामातून पूर्ण नियम स्पष्ट झाला: बाजूंची संख्या विषम असेल तर ती या मालिकेतील निरनिराळ्या मूळ संख्यांचा गुणाकार असली पाहिजे. अशा मूळ संख्या आज पाचच ठाऊक आहेत, त्यामुळे विषम बाजूंचे असे बहुभुज एकतीस मिळतात, आणि त्यांतील सर्वांत मोठा ४,२९,४९,६७,२९५ बाजूंचा. त्याहून दोनच बाजू अधिक असलेला, म्हणजे आपल्या संख्येइतक्या बाजूंचा बहुभुज मात्र पट्टी-कंपासने काढता येत नाही, आणि त्याचे कारण पुन्हा ६४१.

हीच सीमा पास्कलच्या त्रिकोणात, म्हणजे आपल्याकडच्या मेरुप्रस्तारात, फार ठळक दिसते. त्रिकोणातील प्रत्येक विषम संख्येच्या जागी १ आणि सम संख्येच्या जागी ० लिहून प्रत्येक ओळ द्विमान संख्या म्हणून वाचली तर १, ३, ५, १५, १७, ५१, ८५, २५५, २५७ अशी यादी मिळते. टोकावरच्या पहिल्या १ ला सोडून दिले तर पुढच्या एकतीस ओळींत नेमके तेच एकतीस बहुभुज क्रमाने येतात. एकतिसावी ओळ म्हणजे सलग बत्तीस १, अर्थात ४,२९,४९,६७,२९५. बत्तिसाव्या ओळीत दोन टोकांना १ आणि मध्ये एकतीस शून्ये येतात, आणि तेथे हा नियम मोडतो.

आणखी एका परीक्षेत ही संख्या सफाईने फसवते. लघुसिद्धांत फर्माने १६४० सालीच एका पत्रात मांडला होता. त्यानुसार न ही विषम मूळ संख्या असेल तर २^(न−१) ला न ने भागल्यावर बाकी १ उरते. आपल्या संख्येवर हे करून पाहिले तर बाकी १ च येते, कारण तिने भागल्यावर २^६४ ची बाकी १ आहे आणि न − १ म्हणजे २^३२, ज्याला ६४ ने पूर्ण भाग जातो. तेव्हा २ ची परीक्षा घेणाऱ्याला संख्या मूळच भासेल. २ ऐवजी ३ घेतला की सोंग उघडे पडते. पेपँने १८७७ मध्ये दिलेली कसोटी ३ वरच उभी आहे: ३ चा लागोपाठ एकतीस वेळा वर्ग करून दर वेळी न ने भागल्याची बाकी घेत गेले, तर न मूळ असल्यास शेवटी −१ उरायला हवा. तो उरत नाही. एकतीस वेळा दहा अंकी संख्यांचे वर्ग हाताने करण्याचे धाडस मी केले नाही. ते संगणकावर केले, आणि या वेळी चल ६४ बिटांचे घेतले.

फर्माच्या मालिकेत पुढे काय झाले ते थोडक्यात सांगता येईल. सातव्या संख्येचा, म्हणजे २^६४ + १ चा, २,७४,१७७ हा अवयव आहे, आणि लांद्रीने १८८० मध्ये तो दिला. त्यानंतर जितक्या संख्यांचा निकाल लागला त्या सगळ्या संयुक्तच निघाल्या. २^३२ + १ पासून पुढे सलग अठ्ठावीस संख्या संयुक्त असल्याचे आज ठाऊक आहे.

या सगळ्यात ६४१ ने मला शेवटी आणखी एकदा चकवले. १ ला ६४१ ने भागून दशांश अपूर्णांक लिहीत गेलो तर ०.००१५६००६२४०२४९६०९९८४३९९३७५९७५०३९ इतके आकडे आल्यावर तेच पुन्हा सुरू झाले. आवर्तन बरोबर बत्तीस आकड्यांचे आहे, आणि त्याचा पहिला अर्धा भाग दुसऱ्यात मिळवला तर सोळा नऊ येतात. याचा अर्थ ६४१ ने १०^१६ + १ लाही भाग जातो: १०,००,००,००,००,००,००,००१ = ६४१ × १,५६,००,६२,४०,२४,९६१. द्विमान पद्धतीत दोन टोकांना १ आणि मध्ये शून्ये असलेल्या ज्या संख्येपासून मी सुरुवात केली, तिच्यासारखीच दिसणारी ही दशमान संख्या, आणि तिचा विभाजकही तोच. कारणही एकच आहे. ६४१ ने भागल्यावर ५ × २^७ ची बाकी −१ असते, म्हणून ६४१ च्या हिशेबात १० ला २^६ ने गुणले की −१ मिळतो. त्याचा सोळावा घात घेतला तर १०^१६ × २^९६ ची बाकी १ येते. २^९६ म्हणजे २^३२ चा घन, आणि त्याची बाकी −१ आहे. म्हणून १०^१६ ची बाकीही −१ च आली पाहिजे.